गुरूला मार बसला

कमलाकर पेठ्यांनी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडला, तशी रमाबाईंनी आमटीची वाटी हातभर लांब सरकवली. मागच्या हिवाळ्यात चंद्राच्या फोटोंवर कढी सांडली होती आणि घरात चांगलाच अबोला धरला गेला होता.

"आज कोण?" त्यांनी विचारलं.

"गुरू."

"बरा आहे ना?"

नवऱ्याच्या ग्रहांची चौकशी त्या अशीच करायच्या, चुलत सासऱ्यांची करावी तशी. उत्तराची अपेक्षा नसायची. पण आज कमलाकरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि हलक्या आवाजात म्हणाले, "रमा, गुरूवर डाग आहे."

"तो तांबडा ना? दाखवला होतात मागे."

"तो नाही. काळा. खालच्या बाजूला. परवापर्यंत नव्हता."

कमलाकरांचं अख्खं आयुष्य रसायनीच्या एका रंगाच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत, काळ्या रंगातला कमी काळा ओळखण्यात गेलं होतं. निवृत्त झाल्यावर त्यांनी दुर्बीण घेतली आणि नवीन पनवेलच्या 'गुरुकृपा' सोसायटीची गच्ची पाण्याच्या टाक्यांच्या खालोखाल त्यांच्या मालकीची झाली. कधीतरी एखादा धूमकेतू किंवा अशनी गुरूवर आदळतो, काळा डाग पडतो, आणि मोठ्या वेधशाळांच्या आधी तो कुठल्यातरी घरगुती दुर्बीणवाल्याला दिसतो, असं घडलेलं आहे हे त्यांना ठाऊक होतं. तो दुर्बीणवाला एकदा पनवेलचा असावा, एवढीच त्यांची इच्छा होती.

गुरूच्या एखाद्या चंद्राची सावली तर नव्हे? त्यांनी वेळापत्रक पाहिलं. त्या वेळी एकाही चंद्राची सावली पडणार नव्हती. ते जेवण तसंच टाकून गच्चीवर धावले, पण तोवर खाडीकडून धुरकं चढलं होतं आणि आकाशाचा पार दुधी भोपळा झाला होता.

मग त्यांनी महादेवला फोन केला. डॉक्टर महादेव खानविलकर दातांचे डॉक्टर. एसटी स्टँडजवळ दवाखाना. पनवेलात कमलाकरांइतकाच आकाशाचा नाद असलेला हा दुसरा माणूस. ते गळ्यात मास्क लोंबत असतानाच आले आणि पडद्याला नाक लावून बघत राहिले.

"कीड आहे," ते शेवटी म्हणाले.

"महादेव!"

"अरे, म्हणजे तशी दिसते. खोल आहे. हा डाग पृथ्वीएवढा असेल, कमलाकर! पृथ्वीएवढा!"

दोघांनी एकमेकांचे हात धरले. रमाबाईंनी न विचारता चहा टाकला.

"पण अजून कुणाला बोलायचं नाही," कमलाकर म्हणाले. "पुन्हा दिसला की मगच. गुरू दहा तासांत स्वतःभोवती फिरतो. उद्या या वेळेला डाग पलीकडच्या बाजूला असणार. परवा संध्याकाळी पुन्हा समोर येईल. तेव्हा बघू."

"परवा नेऱ्याला माझ्या प्लॉटवर ये. तिथे दिवे कमी. आणि मला ग्रुपवर सगळं लिहून पाठव, घाईत काही डोक्यात राहत नाही."

ग्रुप म्हणजे दोघांचाच, नाव 'गुरुमंडळ'. डॉक्टर गेल्यावर कमलाकरांनी घाईघाईने लिहिलं: 'गुरूला जबरदस्त मार बसला आहे. मोठा काळा डाग पडलाय. परवा बघून खात्री करू. तोपर्यंत कुणालाही बोलू नकोस.' आणि पाठवून दिलं. पण फोनवर 'गुरुमंडळ'च्या अगदी वर 'गुरुकृपा' होतं. सोसायटीचा ग्रुप.

पहिलं उत्तर तिसऱ्या मजल्यावरून आलं. 'अरे बापरे! कोणते गुरू? आमचे ध्यानवर्गाचे?' दुसरं, 'कुणी मारलं?' तिसरं, 'पोलिसांत गेलात का? असं दाबून ठेवू नका.' मग कुणालातरी आठवलं की आपल्या वॉचमनचं नाव गुरुनाथ आहे. दोघंजण खाली धावले. चहा पीत बसलेल्या गुरुनाथला उठवून त्यांनी त्याचा शर्ट वर करायला लावला, पाठ तपासली आणि ग्रुपवर कळवलं, 'गुरुनाथला कुठेही मार नाही. तो घाबरला आहे.'

हे सगळं कमलाकरांच्या उशिराच लक्षात आलं. त्यांनी झटकन निरोप पुसून टाकला आणि हुश्श केलं.

"गेला एकदाचा."

"तुमच्या फोनमधून गेला," रमाबाई स्वतःचा फोन बघत म्हणाल्या. "माझ्याकडे आहे अजून. सगळ्यांकडेच असणार."

तेव्हा नाइलाजाने त्यांनी खुलासा केला: 'गुरू म्हणजे आकाशातला गुरू ग्रह. त्यावर काहीतरी आदळले आहे. कुणीही घाबरू नये.'

खरी भानगड या खुलाशाने सुरू झाली.

दुसऱ्या मजल्यावरच्या प्रदीप आणि संजना साठमांच्या मुलीचं, पूर्वीचं, फेब्रुवारीत लग्न होतं. मुलगा राजस, जुन्या पनवेलातला. स्वभावाने गरीब, पूर्वीवर जीव टाकणारा. पण त्या घरात शब्द चालायचा तो त्याच्या दमयंती आत्याचा. संजनाने तो निरोप गंमत म्हणून बहिणीला पाठवला, बहिणीने संजनाच्या होणाऱ्या विहिणीला दाखवला आणि सकाळचं दूध तापायच्या आत तो दमयंती आत्यांच्या फोनवर पोहोचला.

आत्यांचा फोन आला. त्या शांतपणे बोलल्या, आणि तेच जास्त वाईट होतं.

"संजना, पूर्वीची रास कुंभ. तिला गुरू पाचवा, चांगलं गुरुबळ आहे, म्हणून मी हो म्हटलं. आता गुरूलाच मार बसलाय म्हणतात. आधीच वक्री, त्यात हे! जो स्वतःच अंथरुणावर पडलाय तो हिला काय बळ देणार? आपण दिवाळीनंतर बघू या."

थोड्या वेळात प्रदीप साठम कमलाकरांच्या दारात उभे होते. अंगात कामावर जायचे कपडे, पायात बाथरूमच्या सपाता.

"काका, तो डाग काढून टाका."

"काढून टाका म्हणजे?"

"फोटोतून हो! माझ्या मेव्हण्याने पासपोर्टच्या फोटोतून मस काढला होता. दोन मिनिटांचं काम आहे."

"प्रदीप, डाग फोटोवर नाही. गुरूवर आहे."

"मग मागच्या महिन्यातला गुरू टाका ग्रुपवर! कुणाला कळतंय? हॉल ठरलाय, जेवणाचं ठरलंय, नवऱ्या मुलाने दाढी कशी ठेवायची तेसुद्धा ठरलंय!"

"खोटा फोटो मी टाकणार नाही," कमलाकर म्हणाले. म्हणाले खरे, पण त्यांना प्रदीपच्या डोळ्यांत बघवेना, म्हणून सपातांकडे बघत म्हणाले.

संध्याकाळी ऑफिसातून येताना पूर्वी स्वतःच कमलाकरांच्या घरी आली. लहानपणी ती वरच्या गच्चीवर स्टुलावर उभी राहून शनीची कडी बघायची आणि खाली जाऊन कुणालाच पटवून देता आलं नाही की रडायची. ती समोर बसली तेव्हा कमलाकरांना ती तेवढीच वाटली.

"काका, डाग खरंच आहे?"

"असं दिसतंय खरं."

"मग खराच असू दे हं," ती म्हणाली. "किती वर्षं वाट बघताय तुम्ही. लग्न काय, दिवाळीनंतर होईल. मी आणि राजस कुठे पळून जातोय? पण हे पुन्हा होणार नाही ना?"

ती गेल्यावर कमलाकर खिडकीपाशी उभे राहिले. समोरच्या नव्या इमारतीच्या बांधकामावरून गुरू ठळकपणे वर येत होता.

"रमा," ते म्हणाले, "तो डाग खोटा निघाला तर बरं होईल असं मला वाटायला लागलंय. काय दिवस आले बघ."

"मग जाऊन बघा ना वर."

"आज काय दिसणार? आज तो पलीकडे आहे."

आणि ते गेले नाहीत. गेले असते, तर डाग पलीकडे न जाता होता तिथेच बसलेला त्यांना दिसला असता, आणि सगळा उलगडा घरच्या घरी झाला असता. पण ज्याला गुरूची चाल तोंडपाठ असते तो तिच्यावर नको तेव्हा नको तेवढा विश्वास ठेवतो.

पानं घेताना रमाबाई म्हणाल्या, "उद्या दमयंतीबाईंनाच न्या की नेऱ्याला. न बघता घाबरण्यापेक्षा बघून घाबरलेलं बरं."

डॉक्टरांचा प्लॉट नेऱ्याच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. एक खोली, चार आंब्याची कलमं आणि एक पंप, जो दर उन्हाळ्यात बिघडायचा. कमलाकर आणि डॉक्टर दुर्बीण घेऊन आधीच पोहोचले होते; दिवेलागणीनंतर तिथे दोन गाड्या येऊन थांबल्या. एकीतून साठम कुटुंब आणि रमाबाई उतरल्या, बरोबर उपम्याचा मोठा डबा. दुसरीतून राजस आणि दमयंती आत्या. आत्यांनी अंगावर शाल घेतली होती आणि पिशवीत पंचांग होतं. पूर्वीला बघून राजसचा चेहरा उजळला, मग आत्यांकडे बघून त्याने तो पुन्हा बंद केला.

इतकी माणसं बघून शेजारच्या जागेतला विठू भोईर कुंपणावरून आत आला. विठूची स्वतःची भातशेती, वीटभट्टी आणि गावात मोठा दुमजली बंगला होता. डॉक्टरांकडे त्याने दोन दाढा काढून घेतल्या होत्या.

"डाक्टर, लाईट दिसली म्हनून आलो. काय कारेक्रम हाय काय?"

"गुरूला मार बसलाय, तो बघायचाय," डॉक्टर म्हणाले.

"कोनचा गुरू? शालंतला?"

"आकाशातला."

"मंग थांबतो," विठू म्हणाला आणि खुर्ची ओढून बसला.

कमलाकरांनी दुर्बिणीला कॅमेरा लावला, तार लॅपटॉपला जोडली. अंधारात पडदा उजळला. थरथरत, पाण्याखालून वर यावा तसा गुरू आला. तपकिरी पट्टे, मऊ कडा, आणि खालच्या बाजूला काळाभोर डाग.

संजनाने पदर तोंडाला लावला. कमलाकरांच्या छातीत एकाच वेळी ढोलही वाजत होते आणि कुणीतरी रडतही होतं.

दमयंती आत्या पडद्याजवळ गेल्या. खूप वेळ बघितलं. मग हात जोडले.

"बिचारा," त्या म्हणाल्या. "केवढं लागलंय हो. दुखत असेल का?"

"आत्याबाई, तो नुसता वायूचा गोळा आहे," डॉक्टर म्हणाले.

"वायूचा गोळा आमच्या ह्यांच्याही पोटात असायचा. फार दुखायचं."

आत्या मागे वळल्या आणि त्यांनी पूर्वीच्या डोक्यावरून हात फिरवला. "तुझ्यावर राग नाही गं. पण आजारी माणसाला कार्यात उभं करू नये. त्याला बरं वाटू दे. दिवाळीनंतर."

"अहो, पण आत्या..." प्रदीप तावातावाने उठले. उठताना त्यांचा पाय दुर्बिणीच्या स्टँडला लागला.

दुर्बीण हलली. पडद्यावर गुरू डावीकडे सरकला, पार कोपऱ्यात गेला. डाग मात्र सरकला नाही. तो पडद्यावर होता तिथेच, काळ्या आकाशाच्या पुसट उजेडात लोंबकळत राहिला.

ते दोघा मित्रांनाच कळलं. बाकीचे "सांभाळा, सांभाळा" करत होते. डॉक्टर कमलाकरांच्या कानाशी आले. "मी काही बघितलेलं नाही," ते पुटपुटले. "तू म्हणशील तसं."

कमलाकरांनी पडद्याकडे पाहिलं. पृथ्वीएवढा डाग! समोरच्या बांधकामाची पनवेलची साधी धूळ, कॅमेऱ्याच्या काचेवर बसलेली. इतक्या वर्षांची हौस एका कणात मावली होती. त्यांना वाईट वाटलं, आणि त्याच वेळी इतकं हलकं वाटलं की हसूच आलं.

"थांबा सगळे," ते मोठ्याने म्हणाले. "गुरूला काही झालेलं नाही. डाग माझ्या कॅमेऱ्यात आहे. धूळ आहे ती. चूक माझी. महादेव, काढ रे कॅमेरा."

डॉक्टरांनी कॅमेरा सोडवला. दात कोरडे करायचा रबरी फुगा त्यांच्या खिशात कायम असायचा. तो काढून त्यांनी काचेवर दोन-तीनदा वारा मारला. कॅमेरा पुन्हा लावला. गुरू आला तो धुतलेल्या मोसंब्यासारखा स्वच्छ.

संजना रडायलाच लागली. राजसने सगळ्यांसमोर पूर्वीचा हात धरला. आता आपल्याला काय काय ऐकून घ्यावं लागणार, म्हणून कमलाकर मान खाली घालून उभे राहिले.

"बरा झाला!" दमयंती आत्या म्हणाल्या.

"बरा झाला नाही, दमयंतीताई. तो आजारीच नव्हता."

"असं कसं? मी या डोळ्यांनी बघितलं. डाग होता. डॉक्टरांनी फुंकर घातली. डाग गेला."

"फुंकर कॅमेऱ्यावर घातली!"

"असू दे ना. गोळी आपण तोंडात टाकतो, बरा गुडघा होतो."

कमलाकरांनी तोंड उघडलं. मागून रमाबाईंनी त्यांचा स्वेटर ओढला. "अहो, लग्न होतंय ना? मग उपमा घ्या."

तरी त्यांच्याने राहवेना. त्यांनी कॅमेरा काढून साधं भिंग लावलं आणि आत्यांना दुर्बिणीपाशी बोलावलं. "यात कॅमेरा नाही, काही नाही. तुमचा डोळा आणि तो. बघा."

आत्या वाकल्या. "आणि हे बाजूचे ठिपके?"

"त्याचे चंद्र. मोठे चार."

"चौघं अगदी जवळ उभे आहेत," त्या डोळा न काढता म्हणाल्या. "बरं झालं बाई. माणसं आहेत त्याला."

लग्न ठरल्या दिवशी ठरल्या वेळी झालं. अक्षता टाकताना कमलाकरांनी पूर्वीकडे पाहिलं तर ती आंतरपाटाच्या कडेवरून त्यांच्याकडे बघून हसली. जेवणाच्या पंगतीत दोघा मित्रांना वरपक्षात बसवलं गेलं आणि दमयंती आत्यांनी स्वतः जिलबीचा आग्रह केला. "हे ते," त्या शेजारच्या बाईंना सांगत होत्या, "ह्यांनी दुखणं शोधलं, आणि ह्या डॉक्टरांनी घालवलं."

पुढच्या आठवड्यात डॉक्टरांच्या दवाखान्यात एक गृहस्थ आले. दात सगळे ठणठणीत होते. साडेसाती होती. "शनीवर एकदा वारा मारून मिळेल का?" डॉक्टरांनी त्यांना खुर्चीत बसवलं, दात साफ केले आणि घरी पाठवलं. महिनाभरात त्यांना बढती मिळाली, आणि मग काही धरबंधच राहिला नाही. वैतागून कमलाकरांनी सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं: 'येथे कोणत्याही ग्रहावर उपचार केले जात नाहीत.' लगेच उत्तर आलं, 'आधी अपॉइंटमेंट घ्यावी लागते का?'

"येऊ दे त्यांना," रमाबाई म्हणाल्या. "आले की गच्चीवर न्या आणि दुर्बिणीतून दाखवा. त्यानिमित्ताने बघतील तरी. इतकी वर्षं तुम्ही बोलवत होतात तेव्हा कोण येत होतं?"

हे मात्र खरं होतं. माणसं उपचाराला यायची आणि शनी बघून उपचाराचं विसरून जायची. एक आजोबा तर म्हणाले, "एवढासा आहे हो हा! उगाच घाबरलो." कमलाकरांना तो दिवस फार बरा गेला.

मग एका रविवारी सकाळी विठू भोईर दारात उभा राहिला. हातात वालाच्या शेंगांची पिशवी, मागे त्याची मुलगी. पनवेलच्या एका इस्पितळात नर्स होती ती, आणि बापाने हे काय चालवलंय म्हणून तिचा चेहरा लाजेने लाल झाला होता.

"काका, माजे पोरीला मंगल हाय," विठू बसता बसताच म्हणाला. "पोरगा चांगला हाय, तिला पसंत हाय, त्याला ही पसंत हाय. पन पोराचा बापूस आडून बसलाय. मंगल, मंगल. तेवरा पुसून द्या."

"विठू, अरे, पुसायचं काही नसतं. तू तिथे होतास ना? धूळ होती ती."

"व्हती ना. मंग मंगलाची पन काडा."

कमलाकरांनी ठरवलं, आज एक शब्दही खोटा बोलायचा नाही. "हे बघ, काढायचं सोड, मंगळ मी तुला दाखवूसुद्धा शकत नाही. तो सध्या आकाशात दिसतच नाही. सूर्याच्या पलीकडे गेलाय."

विठू पुढे सरकला. "मंजे हितं नाय?"

"नाही."

"आन कवा येल?"

"उन्हाळ्यात. तेव्हाही पहाटे, अगदी थोडा."

विठूने मुलीकडे पाहिलं. मुलीने पहिल्यांदाच मान वर केली. मग विठू उठला, शेंगांची पिशवी रमाबाईंच्या हातात दिली आणि चपला शोधायला लागला.

"अरे, चहा तरी घे. एवढी घाई कसली?"

"घाई नको काय? पोराच्या बापसाला जाऊन सांगतो," विठू म्हणाला. "मंगल गावान नाय, तवर लगीन उरकून घेऊ."

कमलाकरांनी त्या वाक्यात खगोलशास्त्राच्या दृष्टीने चूक शोधून पाहिली. सापडली नाही.